बर्मामामा आणि आमच्या घरचा तह

आमच्या घरी बाज एकच होती आणि ती बाची होती. कंदील एकच होता, तोही बाचा. ज्वारी परवडत होती तोवर तव्यावरची पहिली भाकर बाची होती. पुढे ज्वारी परवडेनाशी झाली आणि नागपूरकडची आमची माणसं छत्तीसगडची बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, मीठ-मिरचीशी खाऊ लागली. तेव्हा बासीतला तळाचा घट्ट भात बाचा आणि वरचं पाणी आमचं झालं. बा दुष्ट नव्हता. आधी दुर्ग लाइनवर गँगमनचं काम करून आणि मग भिलाईत पोलाद कारखान्याचं बांधकाम निघाल्यावर तिथल्या मरोद्याला ठेकेदाराकडे जड सामान उचलणारा खलाशी लागून त्यानं माय, मी, धाकटी बहीण आणि भाऊ अशा चौघांना जगवलं. पण जो जगवतो त्याचं चालतं, आणि आमच्या त्या मातीच्या दोन खोल्यांत फक्त बाचं चालायचं. या व्यवस्थेला काही नाव असतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ते बर्मामामानं सांगितलं. एक दिवस ओसरीत चहा पिता पिता त्यानं घरभर नजर फिरवली आणि मायला म्हणाला, "गिरजे, तुह्या घरी अजून एकोनचाळीस साल चालू हाये."

साल होतं सत्तावन्न.

बर्मामामा मायच्या माहेरच्या गावचा, भंडारा जिल्ह्यातला. सख्खा भाऊ नव्हे, पण गावच्या नात्यानं माय त्याला दादा म्हणायची. बा गावचा जावई, म्हणून मामा त्याला 'जवाईबापू' म्हणायचा, आणि त्यातल्या 'बापू'वर इतका जोर द्यायचा की बा चिडायचा. उलट बा त्याला 'हवालदार' म्हणायचा, कारण मामा पल्टनीत लान्सनायकाच्या वर गेला नव्हता हे त्याला पक्कं माहीत होतं. मामा बुटका, काळा, मोठ्या कानांचा, आणि धोतरावर मिलिटरीचा रुंद पट्टा बांधणारा. लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर म्हणायचा, बाहेर दोन राज्यं सोसली, तिसरं घरात कशाला आणू. दुसऱ्या लढाईत तो इंग्रजांच्या पल्टनीच्या सामान-वाहतुकीबरोबर ब्रह्मदेशात होता, म्हणून बर्मामामा. लढाई संपल्यावर त्याला जावा बेटावरही नेलं होतं. पण 'मी वर्षभर जावांत होतो' असं सांगितलं की मोहल्ल्यातल्या बाया तोंडाला पदर लावत, म्हणून त्यानं ब्रह्मदेशावरच भागवलं.

मामाचं कॅलेंडर वेगळं होतं. भेटलेल्या प्रत्येक माणसाचं तो साल सांगायचा. त्याचं म्हणणं असं की एकोणचाळीस सालचा साहेब नुसतं बोट दाखवायचा. बेचाळीसमध्ये जपानी पाठीला लागले तेव्हा तो 'कम ऑन' म्हणाला. चव्वेचाळीसमध्ये 'प्लीज' म्हणाला. पंचेचाळीसला लढाई जिंकली तेव्हा 'थँक्यू', सेहेचाळीसला 'सॉरी', आणि सत्तेचाळीसला सामान बांधून गेला. "राज्य असंच जाते," मामा बोटांवर मोजून सांगायचा. "पयले बोट, मंग कमान, मंग प्लीज, थँक्यू, सॉरी. मधातली एकबी पायरी सोडता येत नाई." मला शाळेत इंग्रजी सुरू झालं तेव्हा गुरुजींनी विचारलं, कुणाला एखादा इंग्रजी शब्द येतो का. मी उभी राहिले आणि पाचही पायऱ्या क्रमानं करून दाखवल्या, पहिल्या बोटासकट. गुरुजींकडे बोट रोखलं म्हणून हातावर छडी बसली. घरी आल्यावर मी रडत होते आणि मामा खूश होता. गुरुजी कोणत्या सालात आहेत ते आता कळलं ना, म्हणाला.

साहेब 'कम ऑन'पर्यंत कसा आला ही गोष्ट त्यानं आम्हाला निदान वीसदा तरी सांगितली असेल, आणि वीसही वेळा त्यात कॅप्टनच्या बुटाला वेगवेगळी भोकं होती. छावणीत असताना साहेबाचा खानसामा मामाला पाण्याच्या माठाजवळ उभं राहू देत नसे. ब्रह्मदेशातून पळती निघाली तेव्हा खानसामा, माठ, खेचरं, गाड्या सगळं मागं राहिलं. जंगलात तिसऱ्या दिवशी कॅप्टनची बाटली कोरडी झाली. मामाच्या बाटलीत तेवढं पाणी होतं. पाणी जपून पिणं त्याला पल्टनीनं शिकवावं लागलं नव्हतं, ते त्याच्या गावच्या विहिरीनं लहानपणीच शिकवलं होतं. कॅप्टननं हात पुढे केला. त्याच्यामागे एक हवालदार होता, मोठ्या जातीचा, मामाच्या पंगतीला कधी न बसलेला. त्यानंही हात पुढे केला. इथवर मामा हसत हसत यायचा.

"साहेबानं पानी पेलं तवा एक राज्य गेलं," तो म्हणायचा. "हवालदारानं पेलं तवा दुसरं गेलं. पयलं गेलं ते वापस नाई आलं. दुसरं मातर आम्ही कँपात पोचल्याबरोबर वापस आलं."

जावाचं मात्र तो फारसं सांगायचा नाही. एवढंच कळलं होतं की जपानी हरल्यावर तिथल्या लोकांनी आपलं राज्य आपणच जाहीर केलं होतं, आणि जुना डच साहेब परत खुर्चीवर बसेपर्यंत ती खुर्ची धरून ठेवायला इंग्रजांनी हिंदुस्थानी पल्टनी नेल्या होत्या. तिथं एका म्हाताऱ्या चहावाल्यानं खुणांनी विचारलं होतं, तुमच्याच घरात परका बसलाय, मग आमच्या घरात त्याचा भाऊ बसवायला का आलात. परत आल्यावर त्यानं पल्टनीतून नाव कापून घेतलं. पल्टनीनं शिक्का मारून दिलेला कागद तो पट्ट्याच्या आतल्या बाजूला ठेवायचा आणि कुणालाही दाखवायचा नाही.

भिलाईत मामाही खलाशांच्या टोळीत होता. कारखाना उभा राहत होता आणि रोज नवे साहेब येत होते, त्यामुळे त्याच्या कॅलेंडरला मोसमच आला होता. एकदा कॉलेजातून नुकत्याच निघालेल्या एका इंजिनिअरनं त्याला 'ए बुढ्ढे' म्हणून हाक मारली. दुपारी लोखंडाचा एक अजस्र तुकडा दोरखंडात तिरपा अडकला. खाली येईना, वर जाईना, आणि पुस्तकात त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. इंजिनिअर पोरगा दोन तास भोवती फिरला आणि शेवटी मामासमोर येऊन 'दादा, आप ही देखिए' म्हणाला. मामानं दोन खलाशी घेतले, दोरखंडाची गाठ बदलली, आणि तुकडा जागेवर बसला. संध्याकाळी ओसरीत बसून सांगत होता, "सकायी छत्तीस सालात होतं बिचारं. चार वाजता चव्वेचाळीसात आलं. मधात लढाई दोन घंट्याची."

रशियन त्याला आवडायचे. एक लालबुंद रशियन तंत्रज्ञ पाइपाची एक बाजू स्वतःच्या खांद्यावर घेऊन चालताना त्यानं पाहिला आणि जाहीर केलं की हा गडी लढाई बघून आलेला आहे. जेवणाच्या सुटीत खात्री करून घेतली. भाषा नव्हती, म्हणून मामानं धोतर वर करून गुडघ्याजवळची जुनी जखम दाखवली. रशियनानं शर्ट काढून खांद्याची दाखवली. मामा म्हणाला, बर्मा. तो आपल्या कुठल्याशा गावाचं नाव म्हणाला. मग दोघंही 'हराशो, हराशो' म्हणत मान हलवत बसले. रशियन भाषेत त्याचा अर्थ छान, बरं आहे, असा होतो आणि भिलाईत तेव्हा तो शब्द बिडीसारखा सगळ्यांच्या तोंडात होता.

पण मामाची खरी खोड निराळीच होती. तो कुणाचंही काम आधी ठरवून घेतल्याशिवाय करायचा नाही. शेजाऱ्याची लोखंडी पेटी बैलगाडीवर चढवायची असली तर आधी चहा, मग पेटी. लोक म्हणत, पेटी चढली की देतो ना. मामा खाली बसायचा. चहा पिऊन झाला की एकटा पेटी चढवायचा, वरून दोर बांधून द्यायचा, बैलांना पाणीही पाजायचा. लोभी म्हणावं तर खिशातली शेवटची बिडी तो दुसऱ्याला द्यायचा. बा त्याला 'चहाचा वकील' म्हणायचा. मी एकदा विचारलंच, मामा, एवढ्याशा चहासाठी अडून का बसतोस. तेव्हा त्यानं त्याच्या बापाची गोष्ट सांगितली.

पहिल्या लढाईत त्याचा बाप पल्टनीत गेला होता. आपल्या लोकांना साहेबानं बऱ्याच वर्षांनी पल्टनीत घेतलं होतं, कारण माणसं कमी पडत होती. आपल्यातल्या चार शहाण्यांनी साहेबाला विचारलं, लढाई संपल्यावरही ठेवाल ना. साहेब म्हणाला, पाहू. "मंग लढाई संपली," मामा म्हणाला, "आन् साहेबानं पाह्यलं. नाई पाह्यलं असं नाई. पाह्यलं आन् पल्टनच मोडून टाकली. माहा बाप घरी येऊन मेलेली ढोरं ओढाले लागला." म्हणून दुसऱ्या लढाईच्या वेळी आपली माणसं हुशार झाली होती. जे मागायचं ते तोफा चालू असतानाच मागत होती. "गरज हाये तवरच साहेबाले ऐकू येते. गरज सरली का त्याचे कान वर जाते. तू शिकून राहिली ना, हे पुस्तकात असन तं पाह्य."

मला ते पुस्तकात सापडायच्या आधी घरातच दिसलं.

साठ साली मी मॅट्रिक झाले. आमच्या घरांच्या ओळीतली मी पहिली मुलगी. बानं मोहल्ल्यात बत्तासे वाटले, विहारात जाऊन सगळ्यांना सांगून आला, आणि त्याच संध्याकाळी बाजेवर बसून दुसरी बातमी दिली. गोंदियाकडच्या एका रेल्वेतल्या मुलाचं स्थळ आलं होतं आणि दिवाळीनंतर लग्न करायचं होतं. मॅट्रिक मुलगी म्हणून ते लोक फार खूश होते. म्हणजे माझ्या शिक्षणाचा उपयोग झाला होता आणि आता ते पुरे होतं. मला दुर्गच्या कॉलेजात जायचं होतं. हे मी मायला सांगितलं होतं, मायनं बाला सांगितलं नव्हतं, कारण बाला काही सांगायची पद्धतच आमच्याकडे नव्हती. मामानं मात्र सांगितलं, तेही चारचौघांत. बानं त्याला दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये असं बजावलं आणि ओसरीवर यायला बंदी केली. मामा मग समोरच्या कडुनिंबाखाली बसू लागला. तिथून ओसरी स्पष्ट दिसायची.

आठवड्याभरात बा छपरावरून पडला. पावसाळा तोंडावर होता आणि छपराची कवेलू, म्हणजे कौलं, सरकली होती, म्हणून तो स्वतःच वर चढला. माय म्हणत होती, कुणाला तरी शिडी धरायला बोलवा. बानं ऐकलं नाही, कारण जवळचा माणूस म्हणजे कडुनिंबाखालचा मामा होता. मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात कमरेपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर घातलं आणि तीन महिने हलायचं नाही असं सांगितलं. ठेकेदाराकडचं काम, रजा कसली असणार. चार दिवसांत डब्यातले तांदूळ तळाला गेले.

बांधकामावर घमेली उचलणाऱ्या बायांना इकडे रेजा म्हणतात. शेजारपाजारच्या कितीतरी बाया रेजा होत्या. पण माझ्या घरची बाई घमेलं उचलणार नाही, ही बाची प्रतिज्ञा होती आणि तीच त्याची श्रीमंती होती. पाचव्या दिवशी त्यानं मला कडुनिंबाखाली पाठवून मामाला बोलावून घेतलं. मामा आला आणि दाराबाहेरच उभा राहिला, बंदी उठली का ते आधी सांगा म्हणून. बा म्हणाला, उठली. मग मामा आत येऊन बसला. बानं छताकडे बघत सांगितलं की मुकादम मामाच्या ओळखीचा आहे आणि तीन महिन्यांपुरतं मायला कामावर घेतलं तर बरं होईल. मामा म्हणाला, हे मला कशाला सांगता, जिनं जायचं तिला विचारा.

आमच्या बोलीत 'प्लीज'ला शब्द नाही. पण दुसरी सोय आहे. बा मायला जन्मात नावानं हाक मारत नसे, नुसतं 'अवो' म्हणायचा. त्या दिवशी त्यानं बराच वेळ प्लॅस्टरवर बोटं वाजवली आणि म्हणाला, "गिरजे, जमन का तुले?"

माय चुलीजवळ होती. तिनं वळूनही पाहिलं नाही, पण तिच्या हातातली फुंकणी खाली पडली. मामा माझ्या कानात म्हणाला, चव्वेचाळीस लागलं.

त्यानंतर कडुनिंबाखाली मामा आणि माय यांची जी बैठक झाली, तिला मी हजर होते. मामाचं म्हणणं सरळ होतं. आत्ताच मागून घे, कामावर जायच्या आधी. पोरीचं कॉलेज. प्लॅस्टर निघालं की हा माणूस उठून उभा राहील आणि मग तुझं काही ऐकणार नाही. मायला ते पटत होतं, पण पडलेल्या माणसाशी सौदा करायचा या कल्पनेनंच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याची टांग मोडल्याचा फायदा घेतला असं लोक म्हणतील, ती म्हणाली. मामानं तिला बापाची पल्टन सांगितली. ती तिला पाठ होती. मग त्यानं लढाईतला डाव सांगितला. नाही ऐकलं तर सकाळचा चहा बंद कर. पाणी मागितलं तर ऐकू आलं नाही म्हण. अर्ध्या दिवसात हो म्हणतो की नाही बघ.

मायनं डोळे पुसले आणि मामाकडे सरळ पाहिलं. मी तिला कुणाकडे तसं पाहताना आधी कधी पाहिलं नव्हतं.

"पान्यावर सौदा मी करनार नाई, दादा," ती म्हणाली. "ते आपल्यासंग लोकायनं केलं. आपन कोनाले करायचं नाई."

मामा उठला, पट्टा घट्ट केला, आणि मायला कडक सलाम ठोकला. साहेबांना सलाम करायचं त्यानं सेहेचाळीस सालापासून सोडलं होतं. माय लाजून हसली आणि घरात निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून माय कामावर जाऊ लागली, काहीही न मागता. मला वाटलं, झालं, आता दिवाळी आणि गोंदिया. पण माय रोज पहाटे बाजेजवळ पाण्याचा तांब्या, चहाचा कप आणि बासीतला घट्ट भात ठेवून जायची आणि संध्याकाळी परत यायची ती खांद्यावर फडकं टाकून, सिमेंटनं पांढरी झालेली, पण ताठ. बा दिवसभर तिची वाट पाहायचा. आधी तो घरी यायचा आणि आम्ही उठून उभे राहायचो. आता ती यायची आणि बाला उठता येत नव्हतं, एवढाच फरक. आठव्या दिवशी तिनं हातपाय धुतले, बाजेच्या पायथ्याशी बसली आणि तळहात उघडून बाच्या समोर धरले. फोड आले होते.

"मी तीन महिने उचलन," ती म्हणाली. "लागन तं अजून उचलन. पोरगी कॉलेजात जाईन."

बानं तिचे हात पाहिले. मग म्हणाला, पाहू.

"पाहू नोका म्हनू," माय म्हणाली. "हो म्हना नाईतं नाई म्हना."

बाहेर ओसरीत मामा बसलेला होता. मी दारात उभी होते. 'नाही' आलं असतं तर मायनं ते ऐकून घेतलं असतं आणि उद्या पुन्हा कामावर गेली असती, हे मला कळत होतं. तिनं हातात काहीच राखून ठेवलं नव्हतं. बासुद्धा ते ओळखून होता. कदाचित म्हणूनच त्याला नाही म्हणता आलं नाही. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "हो. जाऊ द्या तिले."

मामा ताबडतोब आत आला आणि लेखी पाहिजे म्हणाला. बा चिडला, घरातल्या घरात कसलं लेखी. मामा म्हणाला, तोंडी वचनं त्याच्या बापाकडे पोतंभर पडली आहेत. मग मी माझ्या वहीचं पान फाडलं आणि आमच्या घरचा तह लिहिला. पहिलं कलम, सुलोचना, म्हणजे मी, कॉलेजात जाईल. दुसरं, बी.ए. होईपर्यंत लग्नाचं नाव काढायचं नाही. तिसरं बानं घातलं, या कागदाबद्दल मोहल्ल्यात कुणी बोलायचं नाही. चौथं मायनं घातलं, प्लॅस्टर निघाल्यावरही ती काम सोडणार नाही. हे ठरलं नव्हतं असं बा म्हणाला. मामा म्हणाला, लढाई लांबली की कलमं वाढतात. विहारातल्या प्रौढांच्या वर्गात शिकलेली सही बानं एकेक अक्षर उभं करत केली. साक्षीदार म्हणून मामानं सही केली आणि खाली 'लान्सनायक' लिहिलं. बा म्हणाला, बघा, कबूल केलं शेवटी. त्यावर सगळेच हसले, बासुद्धा.

जुलैत मामाच मला दुर्गला घेऊन गेला आणि माझं नाव घातलं. कारकुनानं 'लडकी का कौन' विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, 'गवाह'.

मामाच्या शास्त्राप्रमाणे खरी परीक्षा लढाईनंतर असते. सप्टेंबरात प्लॅस्टर निघालं. बा आधी काठीनं आणि मग काठीशिवाय चालू लागला, कामावर गेला, आणि त्याचा आवाजही हळूहळू जुन्या जागी येऊ लागला. दिवाळीनंतर गोंदियाचे लोक आले. मुलाचा बाप, काका, आणि एक मध्यस्थ. बानं त्यांना येऊ नका असं कळवलंच नव्हतं. विसरलो म्हणाला. मायनं चहा केला. तो कागद तिच्या कमरेला खोचलेला होता, मला दिसत होता. मामा कोपऱ्यात बसला होता आणि बाचं तोंड निरखत होता. मुलाच्या बापानं सुपारी कातरत विचारलं, मग कधीची तारीख धरायची.

बानं एकदा मायकडे पाहिलं. मायचा हात कमरेकडे गेला नाही. ती नुसती उभी राहिली. बा खाकरला आणि म्हणाला की पोरगी कॉलेजात शिकते आहे, अजून साडेतीन वर्षं तरी लग्न नाही. पाहुण्यांनी विचारलं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं. बा ताठ बसला. त्याच्याच, म्हणाला. त्यानं केव्हाच ठरवलं होतं की आपली पोरगी शिकवायची, बायको जरा घाबरत होती पण त्यानं समजावलं, काळ बदलला आहे, वगैरे. पाहुणे गेल्यावर मी रागानं लाल झाले होते. मायच्या हातांवरचे फोड अजून पुरते गेले नव्हते आणि श्रेय सगळं बाजेवरच्या माणसानं घेतलं होतं. मी ते मामाला बोलून दाखवलं. मामा इतका हसला की त्याला ठसका लागला.

"म्हनू दे," तो म्हणाला. "इंग्रजबी असंच म्हनते ना, आमीच देलं. राज्य सोडनाऱ्याले येवढं म्हनू द्यावं. राज्य तं सुटलं."

कॉलेजात मी इतिहास घेतला. महायुद्धामुळे साम्राज्य आणि वसाहती यांचे संबंध कसे बदलले, हा प्रश्न आम्हाला हमखास यायचा. त्याला युद्धखर्च, सैन्यभरती, राजकीय आश्वासनं अशी ठरलेली उत्तरं होती आणि मी ती पाठ केली होती, कारण पास व्हायचं होतं. पण शेवटच्या परीक्षेत मी एक वाक्य माझ्याकडचं घातलं: ज्याच्याकडे मदत मागावी लागली, त्याच्यावर पुन्हा पूर्वीसारखा हुकूम चालवता येत नाही. ते कुठल्या ग्रंथातलं आहे असं तपासणाऱ्यानं शेरा मारून विचारलं असेल तर मला माहीत नाही.

मामाला ते सांगता आलं नाही. बासष्ट साली सीमेवर लढाई लागली तेव्हा हा पन्नाशीचा माणूस पट्टा बांधून भरतीच्या रांगेत उभा राहिला. त्यांनी वय विचारलं आणि परत पाठवलं. या खेपेला काही ठरवून न घेता गेला होतास का, असं बानं चिडवलं तर मामा म्हणाला, आपल्या घरच्या कामाला चहा मागत नाहीत. नंतर त्याचा खोकला वाढला. चौसष्टच्या जानेवारीत तो गावी गेला. स्टेशनावर त्याला पोचवायला बा गेला होता, पेटी खांद्यावर घेऊन. फेब्रुवारीत गावाहून मामा वारल्याचा निरोप आला. तिसऱ्या दिवशी बानं मला विचारलं, परीक्षा कधी आहे, आणि अभ्यासाच्या वेळी घरात कुणी आवाज करायचा नाही असं धाकट्यांना बजावलं.

त्या उन्हाळ्यात मी बी.ए. झाले, दुसऱ्या वर्गात. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. जुलैत मी शाळेत शिक्षिका म्हणून लागले, पुढच्या वर्षी धाकटी बहीण कॉलेजात गेली, आणि तिच्यासाठी कुणाला काही लिहून घ्यावं लागलं नाही.